न आटणारं लाकूड

ॲथल ग्रिग्जला गप्प बसलेलं पाहिलेला माणूस आमच्या खोऱ्यात एकच, दातांचा डॉक्टर नोएल पायबस. आणि त्याचेही तेव्हा दोन्ही हात ॲथलच्या तोंडात होते. एरवी ॲथलची जीभ टाळ्याला लागून राहील तर शपथ. सफरचंदाच्या बागा, नदीतल्या होड्या, मेंढ्यांचे रोग, सरकार, परमेश्वर, कुठलाही विषय काढा, त्यातलं ॲथलला तुमच्यापेक्षा जास्त कळणार आणि गाडी शेवटी लाकडावर येणार. लाकूड हा शब्द उच्चारताना तो क्षणभर डोळे मिटायचा. आमच्याकडे भाविक लोक जेवणाआधी मिटतात, तसे.

हा गडी करायचा काय, तर बासचे पाय. डबल बास तुम्ही पाहिला असेलच; व्हायोलिनचा खापरपणजोबा म्हणा, उभा केला की वाजवणाऱ्याच्या डोक्याच्याही वर जाणारा. त्याच्या बुडाशी एक भोक असतं, त्यात एक दांडी बसते आणि त्या दांडीवर ते सगळं धूड उभं राहतं. जगभर ही दांडी लोखंडाची असते, स्क्रू सैल केला की आतबाहेर होणारी, कुणालाही चालणारी. ‘कुणालाही चालणारी’ या शब्दांचाच ॲथलला तिटकारा होता. त्याचा पाय लाकडाचा, हाताने तासलेला आणि एकाच माणसाच्या मापाचा.

माप घेण्याचा सोहळा बघण्यासारखा असे. मेलबर्न-सिडनीहून समुद्र ओलांडून आमच्या बेटावर गिऱ्हाईक आलं की आधी ॲथलची बायको डल्सी चहा आणि खोबऱ्यात घोळलेला लॅमिंग्टन केक द्यायची. मग ॲथल त्याला शेडमध्ये नेऊन बासशी उभं करायचा, ज्या बुटांत वाजवणार तेच बूट घालून. “डोळे मिटा. खालची तार ओढा. ओढत राहा. माझ्याकडे लक्ष देऊ नका.” माणूस बिचारा डोळे मिटून तार ओढत राही आणि ॲथल त्याच्याभोवती पेन्सिल घेऊन फिरत राही. बासच्या मानेवर जिथून तारा सुरू होतात तिथे एक कंगोरा असतो. तो बरोबर भुवईशी आला पाहिजे. “भुवईच्या वर गेला तर तुम्ही बासचे नोकर,” ॲथल सांगे. “भुवईशी आला तर बास तुमचा.” पाय तयार झाला की तापलेल्या लोखंडाने त्याच्या पोटावर मापाचा आकडा डागायचा आणि हलक्या आवाजात म्हणायचा, “लाकूड आडवं केसभर आटतं, उभं कधी आटत नाही. माझं तर कसंच आटत नाही. हा आकडा तुमचा. तुम्ही जाल, आकडा राहील.” यावर काही जणांचे डोळे भरून येत. मरणाची आठवण करून दिली की माणूस एकाऐवजी दोन पाय मागवतो, हे ॲथलला अनुभवाने ठाऊक होतं.

शिवाय प्रत्येक लाकडाची कथा. मोडीत निघालेल्या चर्चचा बाक होता. त्यावर बसून लोकांनी दोन पिढ्या पश्चात्ताप केलेला, म्हणून तो खर्जाला उत्तम. बंद पडलेल्या पबचं काउंटर होतं, “इतकी वर्षं बिअर प्यालेल्या लाकडाला ताल शिकवावा लागत नाही.” धक्क्याचे खांब होते, सबंध आयुष्य पाण्यात उभे राहिलेले. आणि सगळ्यांत वरचढ, सफरचंदं भरायच्या जुन्या गोदामाचे सुरूचे खांब. खिळा ठोकला तर खिळाच वाकेल इतकं कडक लाकूड, दगडाला घासलं तरी ओरखडा नाही. सिडनीच्या एका वाद्यवाल्याने धक्क्याच्या लाकडाचा पाय लावून तार ओढली आणि म्हणाला, मला यात खारं वारं ऐकू येतंय. ॲथलचा ऊर भरून आला. त्या दिवशी घाईत त्याने धक्क्याऐवजी चर्चचा पाय लावला होता हे ना त्याच्या लक्षात आलं, ना सिडनीच्या पाहुण्याच्या. डल्सीच्या आलं. तिने पाहुण्याच्या बशीत आणखी एक लॅमिंग्टन ठेवला.

खरं तर हा सगळा पसारा डल्सीपायीच उभा राहिला. ती आमच्या खोऱ्याच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवायची. ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, आठदहा व्हायोलिनं, दोन चेलो, शाळेतली एक बासरी आणि पुढे काठी हलवायला पायबस. दात काढणं थांबवल्यावर तो संगीताकडे वळला. लोकांना कळा द्यायची सवय एकदम सुटत नाही. डल्सीच्या बासची लोखंडी दांडी खडखडायची म्हणून ॲथलने एकदा गोदामाच्या सुरूचा पाय करून दिला. ती वाजवून म्हणाली, “बरा आहे.” लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने ॲथलच्या कुठल्याही कामाला दिलेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र ते. त्याच्यावर त्याने अख्खं दुकान उभारलं.

त्या पायावरून दोघांचं फक्त एकदा वाजलं. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर पाय सरकला तेव्हा डल्सीने बाजारातून रबराचं बूच आणून त्याच्या तळाला घातलं. ॲथलच्या मते हा लाकडाचा अपमान होता. “लाकडाला जमीन लागली पाहिजे. मध्ये रबर म्हणजे मोजे घालून आंघोळ.”

“बास पडला तर त्याखाली मी असते, तुझं तत्त्वज्ञान नसतं,” डल्सी म्हणाली. बूच राहिलं. ॲथलने मात्र त्या बुचाला मरेपर्यंत हात लावणार नाही असं जाहीर केलं, आणि लावला नाही. हे लक्षात ठेवा.

आता डल्सीच्या शपथेविषयी. तिच्या आधी ऑर्केस्ट्रात ऑसी प्लेस्टर नावाचा म्हातारा बास वाजवायचा. वय झालं तसा तो लहान लहान होत गेला, मग स्टुलावर बसून वाजवू लागला, आणि शेवटी शेवटी प्रेक्षकांना नुसता बास दिसायचा आणि बाजूने एक कान. डल्सी तेव्हा भर हॉलमध्ये म्हणाली होती, “पाण्याच्या टाकीमागून पॉसमचं पिल्लू डोकावतंय जणू. ज्या दिवशी मी बासपुढे अशी दिसेन, त्या दिवशी तो व्हरांड्यात आडवा करीन आणि त्यात जिरेनियम लावीन.”

दुसरी कुणी बोलली असती तर लोक हसून विसरले असते. पण डल्सीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. भावाने शेताचं कुंपण हलवलं तर त्याच्याशी बोलणार नाही, असं ती एकदा म्हणाली होती. त्याने हलवलं. त्याच्या आजारपणात तिने रोज सूप नेऊन दिलं, मयताला फुलं नेली, पण बोलली नाही ती नाहीच.

तर एका वर्षी, सफरचंदं उतरायच्या दिवसांत, ॲथलला परसात खांबावर वरखाली करता येणारी कपडे वाळत घालायची गोल दोरी एक टप्पा खाली आलेली दिसली. मग कपाटाच्या वरच्या फळीवरची किटली खालच्या फळीवर आली. मग मोटारीच्या सीटवर उशी. ॲथल मनाशी म्हणाला, असेल. पण हॉलमध्ये सरावाच्या दिवशी त्याची नजर सवयीने कंगोऱ्यावर गेली. कंगोरा भुवईच्या चांगलाच वर गेला होता. बास काही वाढत नाही. डल्सी आटत होती.

ॲथलला मनापासून भीती वाटली. दुपारी डल्सी घरात सराव करायची तेव्हा शेडच्या भिंतीतून बासचा आवाज यायचा, आणि तो आला की ॲथल रंधा खाली ठेवायचा. दिवसभरात तेवढा वेळ तो स्वतःहून गप्प असायचा. त्याला तो आवाज प्राणाइतका आवडायचा आणि हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. बाकी जगातलं सगळं सांगितलं होतं. त्या घरात आवाज दोनच, एक बासचा आणि एक त्याचा. बास व्हरांड्यात गेला तर त्याचा एकट्याचा उरणार होता, आणि तो सहन करायची ताकद त्याच्या स्वतःतही नव्हती.

म्हणून त्याने ठरवलं, डल्सीला कळूच द्यायचं नाही. ती चर्चमध्ये फुलं मांडायला गेली की तो बासचा पाय उपसायचा. पायाच्या वरच्या टोकाला बारीक गळा असतो, तो बासच्या भोकात जातो; गळ्याखालचा खांदा बाहेर अडतो. ॲथल खांदा थोडा खाली तासायचा आणि गळ्याचं टोक तेवढंच उडवायचा. पाय तितकाच आखूड, आणि बाहेरून काही दिसत नाही. तळाकडून कापण्यात अर्थ नव्हता. तळाला बूच होतं, आणि बुचाला त्याचा हात लागणं शक्य नव्हतं. एकदम कापलं तर ती ओळखील म्हणून भीत भीत, चकतीएवढंच. माझं लाकूड केसभर आटत नाही असं गावभर सांगणारा माणूस स्वतःच्या हाताने ते आटवत होता, आणि पोटावर डागलेला आकडा त्याच्याकडे टकमक बघत होता.

पण गंमत अशी की कापूनही कंगोरा खाली येईना. पुढच्या वर्षी बघावं तर पुन्हा भुवईच्या वर, उलट आणखी थोडा जास्तच. पुन्हा कापला. तिसऱ्या वर्षी तेच. चौथ्या वर्षी तेच. ॲथल हादरला. इकडे मी कापतोय आणि तिकडे ही त्याच्या दुप्पट आटतेय; या वेगाने आणखी दहा वर्षांत ती किटलीत मावेल. तो तिला उठताबसता दूध आणि चीज खायला घालू लागला.

“चीज खा, डल्सी.”

“सकाळपासून तिसऱ्यांदा. मला काय उंदीर समजलास?”

“हाडांना चांगलं असतं.”

“हाडं माझी आहेत. तू तुझं डोकं सांभाळ.” आणि ती उजव्या खांद्याला मलम चोळत आत निघून गेली. हल्ली तो खांदा फार दुखायचा.

त्याच वर्षांत घरातल्या चामड्याच्या वस्तूंना पाय फुटले. आधी जुन्या बुटाची जीभ गेली. मग बागकामाच्या हातमोज्याचा तळवा. मग घड्याळाचा पट्टा. चौथ्या वर्षी तर ॲथलचा कमरेचा पट्टा गेला, बापाचा, कांगारूच्या चामड्याचा, त्यावर ए.जी. अशी अक्षरं उठवलेली. ॲथलने सगळं खापर कुत्र्यावर फोडलं. कुत्र्याचं नाव बिशप. “बिशपनेच खाल्लं. त्याच्या तोंडावरूनच दिसतंय,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि सुतळीने बांधलेली पँट वर ओढे. बिशप मूग गिळून बसला.

चौथ्या वर्षीच्या सफरचंदाच्या जत्रेत ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता, आणि तो ऐकायला मेलबर्नहून प्राध्यापक क्रिस्पिन हॅडो आले. संगीत शिकवायच्या मोठ्या संस्थेत ते बास शिकवत. बोलताना बोटं अशी हलवायचे की जणू हवेतून लोणी काढताहेत. त्यांना आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी ॲथलचे पाय हवे होते, म्हणजे ॲथलच्या हातचं लाकूड देशभरच्या वाद्यवृंदांत जाणार होतं. महिनाभर ॲथल पबमध्ये दुसरं काही बोलला नव्हता.

मध्यंतरात हॉलच्या कडेला चहा मांडला होता. सगळं गाव जमलं होतं. डल्सी बासला टेकून खांदा दाबत उभी होती.

“नाद चांगला आहे,” हॅडो म्हणाले. “खालच्या तारेत मधासारखं काहीतरी आहे.”

“सफरचंद आहे ते,” ॲथल म्हणाला. “गोदामाचं लाकूड.”

“असेलही. पण लाकडाचं मला एक भय वाटतं, मिस्टर ग्रिग्ज. माझ्याकडे युरोपातला एक पाय होता. दोनतीन वर्षांत आटला.”

“तुमचं आटलं असेल. माझं आटत नाही.”

“असं सगळेच म्हणतात हो.”

एवढं पुरे होतं. ॲथलची मान ताठ झाली, आवाज चढला. “हा बघा माझ्या बायकोचा पाय. दहा वर्षांच्या वर झाली. पोटावर आकडा आहे. त्यात केसाचा फरक निघाला तर मी पाय करायचं सोडून देईन. सगळं गाव ऐकतंय.”

गाव खरंच ऐकत होतं. शब्द तोंडातून गेला आणि मागोमाग ॲथलच्या तोंडचं पाणी पळालं. चार वर्षांच्या चकत्या त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेल्या.

“टेप आहे माझ्याकडे,” हॅडो म्हणाले.

“आत्ता नको,” ॲथल घाईने म्हणाला. “लाकूड गरम आहे. वाजवून वाजवून.”

“आत्ता नकोच,” डल्सीही म्हणाली. “चहा गार होईल सगळ्यांचा.”

ॲथलला वाटलं, थकली असेल. तिच्या तोंडचा रंग त्याच्याइतकाच उडाला होता हे त्याला दिसलं नाही. आपली घाबरगुंडी उडालेली असली की दुसऱ्याची दिसत नाही. तेवढ्यात पायबस पुढे झाला. “एक मिनिटाचं काम. मी काढून देतो.” उपटायची वस्तू दिसली की त्या माणसाला राहवत नसे. डल्सीने बास आडवा धरला, पायबसने पाय उपसला, हॅडोंनी खांद्यापासून बुडापर्यंत टेप लावली, बुचाच्या तळाची जाडी वजा केली आणि आकडा वाचला.

“बरोबर,” ते म्हणाले. “तंतोतंत.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ॲथलच्या मनात आलं, मी स्वतःच्या हाताने चार वेळा कापलाय. आणि खोटं कशाला बोला, त्या क्षणी त्या माणसाला भीती नाही वाटली, संशय नाही आला. त्याला खरोखर असं वाटलं की आपलं लाकूड इतकं थोर आहे की ते कापलं तरी वाढतं. त्याने डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा हॅडोंच्या हातात नुसतं बूच होतं. सैल होतं, निघालं. त्यातून काहीतरी टपकन बशीत पडलं. मग आणखी एक. चामड्याच्या गोल चकत्या, एकीला एक चिकटवलेल्या, कात्रीने नीट कापलेल्या. सर्वांत जुनी पायाच्या तळालाच डकवून राहिली होती; सर्वांत नवी बशीत पडली होती आणि तिच्यावर दोन अक्षरं होती, ए आणि जी.

ॲथलने पट्टा ओळखला. मग डल्सीकडे पाहिलं, आणि सगळं एका दमात त्याच्या ध्यानात आलं. दर वर्षी तिला बास खचलेला जाणवला होता. दर वर्षी तिने पायावर शिवणाची टेप लावली होती आणि तो आकड्यापेक्षा कमी भरलेला पाहिला होता. लाकूड कच्चं निघालं असं तिला वाटलं होतं, आणि हे जर ॲथलला कळलं, गावाला कळलं, तर हा माणूस जगायचा नाही, म्हणून ती गुपचूप भर घालत गेली होती. तो वरून कापत होता, ती खालून वाढवत होती. बास चार वर्षं होता तिथेच होता. आणि त्या उंच बासपुढे ती दुखरा खांदा वर ओढून उभी राहत होती, त्याच्या फुशारकीसाठी.

“म्हणजे आटलंच,” हॅडो म्हणाले.

“नाही,” डल्सी म्हणाली. “लाकडाला काही झालेलं नाही. मलाच उंच हवा होता. माझी हौस.”

“हौस बरोबर आकड्याइतकी?” हॅडो हसले. गावातही कुणीतरी हसलं.

ॲथलच्या जिभेच्या टोकावर खरं उत्तर तयार होतं. मी कापलाय, लाकूड आटलेलं नाही. एवढ्या शब्दांत त्याचं नाव वाचलं असतं, हॅडोंची मागणी वाचली असती, त्याची शपथ वाचली असती. पण पुढचा प्रश्न कुणीही विचारला असता, का कापलास म्हणून. आणि त्याचं उत्तर दिलं की संपलंच. उद्या सकाळी बास व्हरांड्यात.

“ती मला सांभाळून घेतेय,” ॲथल म्हणाला. “लाकूड कच्चं होतं. आटलं. माझी चूक.”

ॲथल ग्रिग्जच्या तोंडून ‘माझी चूक’ हे शब्द खोऱ्यात पहिल्यांदाच निघाले होते, आणि लोकांना ते एखाद्या परक्या भाषेतले वाटले. हॅडोंनी बोटं हलवत लाकूड कसं सुकवावं यावर लहानसं व्याख्यान दिलं. ॲथलने ते सबंध ऐकून घेतलं. डल्सी त्याच्याकडे एकटक बघत होती.

पायबसने घड्याळ दाखवलं. दुसरा भाग सुरू करायचा होता. चकत्या परत चिकटवायला डिंक कुठला? डल्सीने उरलेली चकती ओरबाडून काढली, बूच नुसत्या लाकडावर चढवलं, पाय बसवला आणि बास उभा केला. चार वर्षांनी प्रथमच ती ॲथलने कापलेल्या पायावर वाजवत होती. कंगोरा बरोबर भुवईशी आला. तिने तार ओढली. पुन्हा ओढली. खांदा आपोआप खाली आला, सैल झाला. ॲथलने मागच्या रांगेत बसून ते पाहिलं आणि नाक शिंकरायला बाहेर निघून गेला.

त्यानंतर गावाने त्याची जी काही हजेरी घेतली ती सांगायला नको. पबमध्ये कुणी ग्लास खाली ठेवला की दुसरा म्हणे, “लवकर पी, ग्रिग्जच्या घरचा असेल, आटेल.” हॅडो बोटीने परत गेले आणि जाताना होबार्टच्या बाजारातून लोखंडी दांड्या घेऊन गेले. जो माणूस वर्षानुवर्षं सगळ्यांना ज्ञान पाजत आला त्याला ज्ञान पाजायला आता रांग लागली. मेंढ्या कातरणारेसुद्धा त्याला लाकूड समजावून सांगू लागले.

पण मी सांगतोय ते जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. ॲथल शेडमध्ये अवजारं पेटीत भरत होता. सगळ्या गावासमोर बोलला होता, सोडून देईन म्हणून. दारात सावली पडली. डल्सी बास घेऊन उभी होती, पायांत वाजवायचे बूट.

“भरतोयस काय?”

“सोडलं मी. बोललोय ना सगळ्यांसमोर.”

“हं.” तिने बास आत आणला. “काल तू चूक कबूल केलीस.”

“केली.”

“तेव्हाच मला कळलं की काहीतरी खोटं आहे.” ती बाकावर टेकली. “मग वाजवायला उभी राहिले. लाकूड आटतं म्हणालास. लाकूड काय माझ्या भुवईचा हिशेब ठेवून आटतं?”

ॲथलने पटाशी पेटीत ठेवली, पुन्हा बाहेर काढली.

“कधीपासून कापतोयस?”

“दोरी खाली आली तेव्हापासून.”

“दोरी मीच खाली घेतली. उशी मीच ठेवली. मी आटतेय हे मला ठाऊक नाही असं वाटलं तुला? माझी उंची आहे ती, ॲथल, मला नको का कळायला?”

“तू म्हणाली होतीस, जिरेनियम लावीन.”

“तू म्हणाला होतास, केसभर आटत नाही.”

बाहेर बिशप दारात येऊन बसला होता. चार वर्षं त्याच्यावर आळ होता, पण त्याची कुणी माफी मागितली नाही.

“मला वाटलं, आवाज बंद होईल,” ॲथल शेवटी म्हणाला. “दुपारचा. मी रंधा ठेवून ऐकतो.”

“मला माहीत आहे. रंध्याचा आवाज थांबतो की.” डल्सी उठली, बासशी जाऊन उभी राहिली, आणि इतकी वर्षं गिऱ्हाइकांना मिटताना पाहिलं होतं तसे तिने डोळे मिटले. “जिरेनियम कुंडीत बरं आहे. गिऱ्हाइकांचे पाय सोड हवं तर. माझा कर. घे माप.”

ती तार ओढत राहिली. ॲथल पेन्सिल घेऊन तिच्याभोवती फिरला. नवा पाय गोदामाच्याच सुरूचा केला. तो होईपर्यंत दिवस वर आला होता. त्याने सवयीने डागायचं लोखंड विस्तवात सरकवलं.

“आकडा नको,” डल्सी म्हणाली.

“का?”

“पुढच्या वर्षी परत कापायचाय. त्याच्या पुढच्या वर्षीही. पण आता मला सांगून काप.”

ॲथलने लोखंड विस्तवातून काढून बाजूला ठेवलं आणि काहीच बोलला नाही. पायबसला हे खरं वाटत नाही, कारण या वेळी ॲथलच्या तोंडात कुणाचाही हात नव्हता.